गाडीतला फोन आणि पलीकडचा कान

पुण्या-मुंबईच्या सेकंडहँड बाजारात दहा-पंधरा वर्षं जुनी जर्मन गाडी बघायला गेलात, तर पुढच्या दोन सीटांमधला आर्मरेस्ट उचलून बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे एक काळी प्लास्टिकची बैठक दिसते आणि तिच्यावर सोनेरी टोकांची बारीक रांग. ती कशासाठी आहे हे विकणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. एकेकाळी त्या बैठकीवर क्रेडल बसायचं, आणि ते तुमच्या फोनच्या नेमक्या मॉडेलसाठी वेगळे पैसे मोजून घ्यावं लागायचं. नोकियाचं वेगळं, ब्लॅकबेरीचं वेगळं. फोन त्यात दाबून बसवला की तो चार्ज व्हायला लागे, टपावरच्या अँटेनाला जोडला जाई आणि त्यातले नंबर डॅशबोर्डच्या पडद्यावर येत. फोन बदलला की क्रेडलही बदला. आयफोनची रुंद पिन २०१२ मध्ये गेली आणि लाइटनिंग आलं. २०२३ मध्ये लाइटनिंगही गेलं आणि यूएसबी-सी आलं. गाडी मात्र तीच, आणि तिच्या पोटातली सोनेरी टोकंही तीच.

आलिशान गाडीत फोन बसवण्याची सगळी अडचण इथेच आहे. गाडी पंधरा वर्षं चालते, फोन तीन-चार वर्षांत बदलतो. त्यामुळे फोनचा जितका भाग गाडीने आपल्याकडे घेतला, तितकी ती लवकर जुनी दिसायला लागली. दुसरी गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. हँड्सफ्री चांगलं की वाईट हे गाडीच्या मालकाला कळतच नाही. त्याला महागड्या स्पीकरांतून समोरच्याचा आवाज झकास ऐकू येतो. त्याचा स्वतःचा आवाज कसा जातोय, घुमतोय का, तुटतोय का, हे फक्त पलीकडच्यालाच ऐकू येतं. लाखो रुपये एकाचे आणि परीक्षा दुसऱ्याच्या कानाची, असा हा व्यवहार आहे. म्हणून या तंत्राकडे पलीकडच्या माणसाच्या बाजूने बघायला हवं.

गाडीतला फोन खिशातल्या फोनपेक्षा कितीतरी जुना आहे. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बेल कंपनीने गाडीतून फोन करायची सेवा सुरू केली. यंत्राचं वजन सुमारे ३६ किलो होतं. बोलताना रिसीव्हरवरचं बटण दाबून धरायचं, ऐकताना सोडायचं, आणि कॉल ऑपरेटरने जोडून द्यायचा. पश्चिम जर्मनीत १९५८ साली ‘ए-नेट्झ’ नावाचं जाळं उभं राहिलं. तिथेही कॉल हातानेच जोडला जाई. १९७२ च्या ‘बी-नेट्झ’मध्ये थेट नंबर फिरवता येऊ लागला, पण गाडीतल्या माणसाला फोन करायचा तर त्याची गाडी त्या क्षणी देशाच्या कोणत्या भागात आहे हे आधी माहीत असावं लागे, कारण त्या भागाचा कोड लावावा लागायचा. गाडीतल्याची सोय झाली, पण त्याची गाडी शोधायचं काम घरी बसलेल्यावर आलं. १९८५ च्या ‘सी-नेट्झ’ने ही कटकट संपवली. अमेरिकेत शिकागोला १३ ऑक्टोबर १९८३ रोजी सेल्युलर सेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्या ग्राहकाने पहिला कॉल केला तो आपल्या मर्सिडीज ३८० एसएलमधून. फोन आणि महागडी गाडी ही जोडी तेव्हापासूनची.

त्या काळी फोन गाडीचाच अवयव होता. रिसीव्हर दोन सीटांच्या मध्ये, रेडिओयंत्र डिकीत, अँटेना मागच्या काचेवर किंवा टपावर. बोलण्यासाठी एक हात अडकायचाच. मग छताजवळ माइक लावून आवाज स्पीकरवर सोडायची सोय झाली आणि हात मोकळे झाले. नंबर फिरवायला मात्र बोट लागायचंच. तेही १९९६ मध्ये सुटलं. मर्सिडीजने एस-क्लासमध्ये ‘लिंग्वाट्रॉनिक’ आणलं आणि आकडे तोंडाने बोलून फोन लावता येऊ लागला. आज हातातलं घड्याळसुद्धा हे करतं. पण त्या वेळच्या संगणकाची ताकद आणि चालत्या गाडीतला आवाज ध्यानात घेतला तर मला हे काम फार मोठं वाटतं.

गाडीत फोन कायमचा बसवण्याची किंमत पुढे चुकवावी लागली. १८ फेब्रुवारी २००८ नंतर अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांवर जुनी अ‍ॅनालॉग सेवा चालू ठेवायची सक्ती उरली नाही. त्यांनी ती गुंडाळली आणि कित्येक उत्तम गाड्यांतले फोन एका फटक्यात मुके झाले. त्यांत बिघाड काहीच नव्हता, फक्त त्यांच्याशी बोलणारं जाळं उरलं नव्हतं. २०२२ मध्ये तिथल्या थ्री-जी सेवा बंद झाल्या तेव्हा हाच प्रकार गाड्यांतल्या इंटरनेटच्या सोयींच्या वाट्याला आला.

या पेचातून वाट काढली ब्लूटूथने. १९९८ साली एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून ते सामायिक मानक म्हणून पुढे आणलं. पुढे वाहन उद्योगाच्या गरजांसाठी त्यात ‘हँड्सफ्री प्रोफाइल’ तयार झालं. फोनने काय करायचं आणि गाडीने काय करायचं, याची ही लेखी वाटणी. फोन लावणं, रेंज पकडणं, सिमकार्ड सांभाळणं ही कामं फोनची. माइक, स्पीकर, बटणं आणि पडदा गाडीचे. पुढच्या वर्षी नवा फोन आला तरी त्याला हीच भाषा येणार, मग तो कुणाचाही असो.

ही भाषा जवळून बघण्यासारखी आहे. फोन आला की फोन गाडीला चार रोमन अक्षरांचा एक शब्द पाठवतो: रिंग. त्यामागोमाग नंबर. तुम्ही स्टिअरिंगवरचं हिरवं बटण दाबलंत की गाडी फोनला तीन अक्षरं पाठवते: ए, टी, ए. फोन उत्तर देतो: ओके. फोन लावायचा असेल तर ए, टी, डी आणि पुढे नंबर. रेंज आणि बॅटरी किती आहे हे फोन शून्य ते पाच या आकड्यांत कळवतो, म्हणून गाडीच्या पडद्यावर फोनची बॅटरी टक्क्यांत न दिसता बहुधा दांड्यांतच दिसते. या आज्ञा गाड्यांसाठी कोणी नव्याने घडवलेल्या नाहीत. हेज नावाच्या अमेरिकी कंपनीने १९८१ साली मोडेमसाठी त्या ठरवल्या होत्या. कोट्यवधी रुपयांच्या लिमोझिनमध्ये कातडी स्टिअरिंगवर अंगठा टेकला की आत आजही त्या जुन्या मोडेमचीच बोली चालते. जी गोष्ट साधी असते आणि सगळ्यांना मान्य असते तीच टिकते. सोनेरी टोकांचं क्रेडल गेलं, तीन अक्षरं राहिली.

मधल्या काळात जर्मन कंपन्यांनी एक वेगळा मार्गही काढला होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो सरस होता. त्याचं नाव ‘सिम अ‍ॅक्सेस प्रोफाइल’. गाडीत स्वतःचं जीएसएम यंत्र असे. गाडी सुरू झाली की ते ब्लूटूथवरून तुमच्या फोनमधल्या सिमची ओळख उसनी घेई. फोनचा रेडिओ गप्प बसे आणि कॉल गाडीच्या यंत्रातून टपावरच्या अँटेनाने जाई. रेंज उत्तम, फोनची बॅटरी शिल्लक, केबिनमध्ये रेडिओलहरीही कमी. ऑडी, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांच्या गाड्यांत ही सोय मिळायची आणि नोकियाचे फोन तिला साथ द्यायचे. आयफोनने ती कधीच दिली नाही. शिवाय गाडीने सिम उसनं घेतलं की फोनचं इंटरनेट बंद पडायचं. ज्या काळात लोक फोन इंटरनेटसाठी घ्यायला लागले, त्या काळात हे चालणं शक्यच नव्हतं. चांगलं तंत्र होतं, पण फोनकडून फार काही मागत होतं.

टपावरच्या अँटेनाचा एवढा सोस का, हे गाडीच्या काचांकडे बघितलं की कळतं. गाडीचं अंग धातूचं, त्यामुळे रेडिओलहरींना खिडक्यांचीच वाट असते. महागड्या गाड्यांत उन्हाची धग अडवायला काचेवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तो उष्णता परतवतो आणि लहरीही परतवतो. आपल्याकडे अशा गाड्यांच्या मालकांना हे फास्टॅगमुळे ठाऊक असतं. टॅग पुढच्या काचेवर कुठेही चिकटवला तर टोलनाक्यावर वाचला जाईलच असं नाही. आरशामागे थर न दिलेली एक चौकट सोडलेली असते, तो तिथेच लावावा लागतो. फोनलाही हीच अडचण. म्हणून आता कित्येक आलिशान गाड्यांत मधल्या खणात जिथे फोन बिनतारी चार्ज होतो, त्या पट्टीखालीच एक छोटी अँटेना असते. फोनच्या लहरी ती जवळूनच टिपते आणि टपावरच्या शार्कफिन अँटेनाकडे पोचवते. क्रेडलचं काम तेच, फक्त टोकं गेली. फोन कोणताही ठेवा.

आता येतो त्या भागाकडे, ज्यावर पलीकडच्याचं सुख अवलंबून आहे: प्रतिध्वनी.

समजा तुम्ही गाडीत आहात आणि घरून फोन आला. घरच्यांचा आवाज दरवाजातल्या स्पीकरमधून निघाला. तीन-एक मिलिसेकंदांत तो छताजवळच्या माइकपर्यंत पोचला. काचांवरून, डॅशबोर्डवरून आपटून त्याच आवाजाचे आणखी शेकडो तुकडे मागोमाग आले. माइकला तुमचा आवाज कोणता आणि स्पीकरचा कोणता हे कळत नाही, तो सगळंच उचलतो आणि परत पाठवतो. मग घरच्यांना स्वतःचंच बोलणं थोड्या वेळाने ऐकू येतं. आपला आवाज आपल्याच कानावर लगेच पडला तर माणसाला काही वाटत नाही. दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा आला की बोलणं अडखळतं. आणि ब्लूटूथ, मोबाइलचं जाळं, पलीकडचा फोन हे सगळं जमेस धरलं की तेवढा उशीर सहज होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फोनवर तुम्हाला तुमचाच आवाज घुमून ऐकू आला, तर दोष बहुधा समोरच्याच्या यंत्रात असतो. तुमच्या गाडीतला दोष तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. पलीकडून कोणी “आवाज घुमतोय रे” म्हणालं तर बहुतेक जण रेंजला दोष देतात. रेंजने आवाज तुटतो, घुमत नाही.

हा प्रतिध्वनी पुसण्याची कल्पना गाड्यांसाठी जन्मली नाही. १९६० च्या दशकात उपग्रहांवरून फोन जाऊ लागले. १९६५ साली सोडलेला ‘अर्ली बर्ड’ हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. आवाज तिथवर जाऊन यायचा तर उशीर अटळ, आणि उशीर झाला की प्रतिध्वनी असह्य. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत यावर काम चाललं आणि त्यातला एक मुख्य माणूस भारतीय होता: मनमोहन सोंधी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून ते अमेरिकेत गेले. १९६७ साली त्यांनी परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलत राहणाऱ्या प्रतिध्वनी-शोषकावरचा निबंध प्रसिद्ध केला. आज जगातल्या हँड्सफ्री गाड्यांत आणि व्हिडिओ मीटिंगांत जे चालतं त्याचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे हे नाव फार कमी जणांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

शोषक करतो काय? स्पीकरकडे कोणता आवाज चालला आहे हे गाडीला आधीच माहीत असतं. तो आवाज माइकपर्यंत पोचताना केबिनमध्ये त्याचं काय होईल, याचा अंदाज गाडी बांधते. इतक्या मिलिसेकंदांनी इतका भाग, नंतर इतका, मग इतका. साठ मिलिसेकंदांपर्यंतचा हिशोब ठेवायचा आणि आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने घ्यायचे म्हटलं तर जवळजवळ हजार आकडे सांभाळावे लागतात. या आकड्यांवरून तयार केलेला प्रतिध्वनीचा अंदाज माइकच्या आवाजातून वजा केला की उरतो तो तुमचा आवाज. अंदाज चुकला तर काहीतरी शिल्लक राहतं. त्या शिलकीवरून आकडे किंचित सुधारायचे, पुन्हा वजा करायचं, पुन्हा सुधारायचे. असं सेकंदाला हजारो वेळा. चुकीवरून थोडं थोडं शिकत जाण्याची ही रीत बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० साली स्टॅनफर्डमध्ये मांडली. हेच हॉफ पुढे इंटेलमध्ये गेले आणि पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या जन्मात त्यांचा मोठा वाटा होता.

गाडीची केबिन मात्र स्थिर नसते. कोणी खिडकी खाली केली, शेजारी माणूस येऊन बसला, सीट मागे घेतली, की आवाजाच्या वाटा बदलतात आणि हजारच्या हजार आकडे पुन्हा शिकावे लागतात. त्याहून अवघड क्षण म्हणजे दोघं एकाच वेळी बोलतात तो. शोषकाला तुमचा आवाज शिल्लक राहिलेल्या प्रतिध्वनीसारखा वाटू शकतो आणि तो तुम्हालाच पुसायला निघतो. स्वस्त यंत्रं यावर सोपा उपाय करतात: एक बोलत असला की दुसऱ्याचा आवाज दाबून टाकायचा. मग आईशी बोलताना मध्ये “हो, हो” म्हणून हुंकार भरता येत नाही, तो पोचतच नाही आणि ती विचारते, “ऐकतोयस ना?” मराठी माणसाचं फोनवरचं बोलणं हुंकारांवर चालतं. म्हणून एकाच वेळी दोघांना बोलता येणं ही माझ्या लेखी हँड्सफ्रीची खरी कसोटी. जर्मन वाहन उद्योगाने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, म्हणजे आयटीयूने, गाडीतल्या हँड्सफ्रीसाठी मानकं केली आहेत. त्या चाचणीत ड्रायव्हरच्या सीटवर कृत्रिम डोकं बसवतात, त्याच्या तोंडातून ठरावीक आवाज काढतात आणि पलीकडे काय पोचतं ते मोजतात. आलिशान गाडी बनवणारे यावर महिने घालवतात. जाहिरातीत याचा उल्लेख नसतो.

माइकचंही तसंच. फोन गालाला लावला की माइक तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर असतो. छतावरचा माइक अर्ध्या मीटरवर. अंतर वीसपट झालं की आवाजाची तीव्रता चारशेपट घटते. टायरांची घरघर, एसीचा ब्लोअर आणि वारा मात्र तिथेच असतात, पुऱ्या जोमाने. महागड्या गाडीचा फायदा इथे दिसतो. दोन काचांमध्ये आवाज शोषणारा थर असलेल्या खिडक्या, दारांचे दुहेरी रबर, जाड गालिचे हे सगळं मालकाच्या आरामासाठी केलेलं असतं. पण त्यामुळे माइककडे गोंगाटच कमी येतो आणि संगणकाला कमी खोडावं लागतं. दोन किंवा अधिक माइक लावले तर प्रत्येकाकडे आवाज किंचित मागेपुढे पोचतो आणि त्या फरकावरून ड्रायव्हरच्या तोंडाच्या दिशेचा आवाज वेगळा काढता येतो. सिमेंटच्या रस्त्यावरची एकसुरी घरघर काढून टाकणं सोपं, कारण ती बदलत नाही. दोन शब्दांच्या मधल्या फटीत तिचं मोजमाप होतं. हॉर्न आणि टपावर पडणारा पाऊस तसे नसतात. जास्त हावरेपणाने खोडायला गेलं की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. पावसाळ्यात घाटातून कोणी फोन केला असेल तर तो आवाज तुम्ही ऐकला असेल.

आवाजाच्या पट्ट्याची रुंदी हा आणखी एक मुद्दा. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून न्यायचा. ‘स’ हा उच्चार बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून तर फोनवर “साठ की आठ?” असं विचारावं लागतं. नव्या मोबाइल सेवांत हा पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत वाढला आणि ‘स’ स्पष्ट झाला. ब्लूटूथनेही २०११ च्या सुमारास हँड्सफ्रीच्या १.६ आवृत्तीत ती सोय दिली. पण तुमची गाडी त्याआधीची असेल तर जाळं कितीही नवं असो, फोन कितीही महाग असो, फोनपासून गाडीपर्यंतची शेवटची हातभर वाट अरुंदच राहते आणि पलीकडच्याला आठ-साठचा घोळ ऐकू येतच राहतो.

२०१४ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात अ‍ॅपलचं कारप्ले फेरारी, मर्सिडीज आणि व्होल्व्हो यांच्या गाड्यांत दाखवलं गेलं. त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं. दोन्हींची कल्पना एकच: गाडीचा पडदा फोनला देऊन टाकायचा. कारप्ले चालू असलं की बोलण्याचा आवाज यूएसबीच्या तारेतून किंवा वायफायवरून जातो, ब्लूटूथची अरुंद वाट टळते. प्रतिध्वनी पुसायचं काम मात्र गाडीचंच राहतं, कारण स्पीकर आणि माइक तिचे. आलिशान गाड्यांच्या कंपन्यांना असं पडदा सोडणं जड गेलं. बीएमडब्ल्यूने अमेरिकेत कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर आकारायचं ठरवलं आणि ग्राहकांचा रोष बघून २०१९ च्या अखेरीस ते मागे घेतलं. लोकांचं बरोबर होतं. फोन त्यांचा, नकाशा फोनचा, इंटरनेटचे पैसेही तेच भरतात.

आवाजी आज्ञांबद्दल मराठी माणसाची एक खास तक्रार आहे आणि ती रास्त आहे. फोनबुक गाडीत उतरतं तेव्हा नावं अक्षरांच्या रूपात येतात; त्यांचा उच्चार गाडीने आपल्या नियमांनी बसवायचा. रोमन लिपीत लिहिलेलं ‘ज्ञानेश्वर’ घ्या. सुरुवातीची ‘डी’ आणि ‘एन’ ही अक्षरं इंग्रजी नियमाने वाचणाऱ्या यंत्राला ‘द्न्य’ कसं सुचावं? तुम्ही नीट उच्चार करून हाक मारता आणि गाडी भलत्याच कोणाला फोन लावते. नावं देवनागरीत साठवली असतील तर कित्येक जुन्या गाड्यांत त्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसतात, कारण पडद्याकडे ती अक्षरंच नसतात. ज्या देशात गाड्या जोडल्या जातात, चाकणला मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून आहे, तिथल्या नावांची एवढी तरी दखल घेतली जायला हवी होती. आता फोनचाच आवाजी सहायक हे काम करतो म्हणून परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे.

इथवर हातांचं झालं. लक्षाचं काय?

१९९७ साली डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी टोरंटोमधल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. त्या सगळ्यांच्या गाड्यांना अपघात झालेला होता. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असल्याचं त्यांना दिसलं, आणि हँड्सफ्री वापरणारे अधिक सुरक्षित असल्याचं काही आढळलं नाही. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडत होती, तरी नंतर त्यांना ते फलक ओळखता येईनात. डोळ्यांनी पाहिलं, मनापर्यंत पोचलं नाही. धावत्या गाड्यांत कॅमेरे लावून केलेल्या पाहण्यांचा निष्कर्ष जरा वेगळा आहे. त्यांत मोठा धोका दिसला तो फोन शोधणं, नंबर लावणं, मेसेज टाइप करणं यांत. नुसत्या बोलण्यात तितका नाही. मला दोन्ही पटतात, कारण सगळी बोलणी सारखी नसतात. “दहा मिनिटांत पोचतो” हे एक, आणि वाटणीवरून भावाशी चाललेलं बोलणं हे दुसरं.

यातही पलीकडचा माणूस महत्त्वाचा आहे. स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं आणि फोनवर बोलणं यांची तुलना केली. चालकांना एका ठरावीक ठिकाणी महामार्ग सोडून थांबायला सांगितलं होतं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ते वळण चुकलं. शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं. शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. ट्रक आडवा आला की तो आपोआप गप्प होतो, वळण आलं की सांगतो. फोनवरच्याला यातलं काहीच दिसत नाही. तो वाक्य पूर्ण करतो आणि उत्तराची वाट बघतो. हँड्सफ्री जितकं चांगलं, आवाज जितका स्वच्छ, तितकं आपण गाडी चालवणाऱ्या माणसाशी बोलतोय हे त्याच्या ध्यानातून जातं. पूर्वी खरखर तरी आठवण करून द्यायची.

पडद्याचाही हिशोब घ्या. ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या एका चाचणीत कारप्ले बोटांनी वापरणाऱ्या चालकांचा प्रतिसाद पन्नास टक्क्यांहून अधिक मंदावला, आणि आवाजी आज्ञांनी वापरतानासुद्धा एक तृतीयांशाहून जास्त. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाची २०१३ ची शिफारस अशी की चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाताना दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे जाते. स्टिअरिंगवरची साधी बटणं या बाबतीत पडद्यापेक्षा सरस आहेत असं माझं ठाम मत आहे. अंगठ्याला ती न बघता सापडतात.

आपल्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कायद्याचे शब्द हातात धरलेल्या साधनाबद्दल आहेत. मनाच्या लक्षाबद्दल कायदा काही म्हणत नाही, तो भाग चालकाने स्वतःच ठरवायचा.

गाडी घ्यायच्या आधी हँड्सफ्री तपासायचं असेल तर शोरूमच्या शांततेत तपासू नका. टेस्ट ड्राइव्हला एसीचा ब्लोअर मोठा करून, ताशी ऐंशीच्या वेगात घरी फोन लावा आणि त्या वेळी गाडी बरोबरच्या माणसाला चालवू द्या. माइक ड्रायव्हरच्या दिशेने रोखलेला असतो, म्हणून बोलायचं कामही थोडा वेळ त्यालाच द्या. घरच्यांना तीन गोष्टी विचारा: त्यांचा स्वतःचा आवाज परत येतोय का, दोघं एकदम बोलल्यावर शब्द गळतात का, आणि साठ-आठ वेगळे ऐकू येतात का. काचा खाली-वर करून पुन्हा विचारा.

आणि जुनी गाडी विकताना एक काम विसरू नका. पेअर केलेल्या फोनचं फोनबुक आणि कॉलची यादी गाडी स्वतःच्या स्मृतीत ठेवते, आणि बऱ्याच गाड्यांत ती फोन दूर गेल्यावरही राहते. भाड्याच्या गाड्यांबाबत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्येच ग्राहकांना सावध केलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन फोन काढून टाका, मग गाडी मूळ स्थितीवर आणायचा पर्याय निवडा, आणि पडद्यावर एकही नाव उरलं नाही हे स्वतः बघितल्यावरच किल्ली द्या. त्या यादीत तुमच्याबरोबर तुमच्या ओळखीच्या शेकडो लोकांचे नंबर असतात आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.